भुरीच्या अंगाचा वास: ९७ दिवसांच्या नोंदी

मांजर: भुरी. मादी, ऑपरेशन झालेली, वय अकराच्या आसपास, आखूड केसांची. वजन ६.२ किलो. जास्त आहे, माहीत आहे, त्यावर पुढे येतोच. घराबाहेर जात नाही, घरात दुसरं मांजर नाही. या नोंदी मी रोज रात्री वहीत खरडल्या होत्या. उतरवताना भाषा थोडी नीट केली, चुका तशाच ठेवल्या. कुणाच्या मांजराला असाच वास यायला लागला तर माझे पहिले सोळा दिवस सरळ गाळावेत.

दिवस १

पहाटे पांघरुणात शिरली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. कुबट वास, न वाळलेल्या फडक्यासारखा, आणि त्याच्या मागे काहीतरी कुजकट. मानेला नाक लावलं, तिथे आहे. कुशीला लावलं, तिथेही आहे. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, महिनाभर येतोय. मला वाटलं तुला माहीत आहे."

म्हणजे माझं नाक मेलंय. रोज सोबत राहिलं की वास कळेनासा होतो, हे पुढेही नडलं.

धडधाकट मांजराच्या अंगाला जवळजवळ वास नसतो. जागेपणातला बराच वेळ ते स्वतःला चाटण्यात घालवतं. त्यामुळे वास येतोय म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं मला ठाऊक होतं. आणि तरीही मी काय ठरवलं? आंघोळ.

दिवस २

आंघोळ घातली. माझ्याच शाम्पूनं. २५ मिनिटं, डाव्या मनगटावर दोन ओरखडे, न्हाणीघर धुवायला आणखी अर्धा तास. टॉवेलमध्ये गुंडाळून बाहेर आणली तेव्हा फुलासारखी दरवळत होती आणि मी खूश होतो.

मग ती कपाटाखाली गेली आणि रात्रभर तो सुवास चाटून काढत बसली. दोनदा लाळ गाळली. शाम्पू धुऊन गेला असं आपल्याला वाटतं, पण केसांत उरलेला सगळा तिच्या पोटात जातो. माणसांचा शाम्पू मांजराला वापरू नये, हे मी नंतर वाचलं.

दिवस ३

सकाळी वास परत. चोवीस तासही टिकला नाही. वहीत लिहिलंय: "पुढच्या अर्ध्या अंगाला जास्त, मागे कमी." ओळ लिहिली आणि विसरलो. उत्तर त्याच ओळीत होतं.

त्याऐवजी संशय शीच्या डब्यावर गेला. वाळू पूर्ण ओतली, डबा गरम पाण्यानं घासला, उन्हात वाळवला. प्लॅस्टिकला ओरखडे पडले की त्यात वास मुरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी डबाच बदलला. भुरीच्या वासात शून्य फरक.

दिवस ५

अतिनील टॉर्च आणला. मांजराची वाळलेली लघवी अंधारात त्याच्या उजेडात चमकते, आणि कुठेतरी बाहेर करून त्यातच लोळत असेल असा माझा तर्क. दिवे घालवून रांगत घर तपासलं. सोफ्याच्या पायाशी मोठा डाग सापडला. दीड तास घासला. ताईनं सकाळी पाहिलं आणि म्हणाली की गेल्या महिन्यात तिथे कपड्यांच्या पावडरीचं पाणी सांडलं होतं. पावडरीतलं पांढरेपण देणारं द्रव्यही चमकतं. फरक असा की ते निळसर पांढरं दिसतं, लघवी मळकट पिवळसर. टॉर्च घेणाऱ्यांनी आधी पावडरीचा एक मुद्दाम डाग करून पाहावा.

खरंच लघवीचा डाग निघाला तर त्यावर ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. एन्झाइमचं क्लीनर आणा.

दिवस ८

पहिला दवाखाना. "अंगाला वास येतोय" म्हणालो, त्यामुळे डॉक्टरांनी अंग पाहिलं. ते रास्तच. चिकटपट्टीनं त्वचेचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, थोडे यीस्ट दिसले. कान पाहिले, स्वच्छ. कानात गोचिडीसारखे बारीक किडे झाले की कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण निघते, तसं काही नव्हतं. शेपटीखालच्या दोन ग्रंथी दाबून पाहिल्या. घड्याळाच्या काट्यांत चार आणि आठ वाजता असतात त्या जागी. निघालेल्या थेंबाचा वास मासळी आणि गंजलेलं लोखंड एकत्र केल्यासारखा. खोलीतले आम्ही तिघंही मागे सरलो. पण तो भुरीचा रोजचा वास नव्हता, आणि ग्रंथी तुंबलेल्याही नव्हत्या.

औषधी शाम्पू मिळाला. आठवड्यातून दोनदा, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून.

तोंड उघडून पाहिलं गेलं नाही. मी म्हणालो नाही, त्यांनी पाहिलं नाही. दोष निम्मा निम्मा, आणि माझा निम्मा मोठा.

दिवस १५

औषधी शाम्पूच्या दोन आंघोळी झाल्या. दहा मिनिटं फेसासकट मांजर धरून ठेवणं म्हणजे काय, ते लिहीत नाही. आंघोळीनंतर एक रात्र बरं, मग परत तेच. भुरी आता न्हाणीघराचं दार वाजलं तरी पळते.

वैतागून टी ट्री तेलाचा स्प्रे करायला घेतला होता. बाटलीत दोन थेंब टाकूनही झाले. सुदैवानं दवाखान्यात फोन करून विचारलं. पलीकडून "थांबा, अजिबात नको" असं जवळजवळ ओरडूनच सांगितलं. मांजराच्या यकृतात असल्या द्रव्यांचा निचरा करणारी एक वाट फार कमकुवत असते. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते तीही याच कारणानं. बाटली फेकली.

दिवस १७

आज शहाणपण सुचलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी चाललं होतं. वास घालवायच्या नादात तो नेमका कुठून येतो हे कुणी शोधलंच नव्हतं.

रीत अशी. झाकणाच्या आठ छोट्या डब्या, एकसारख्या, धुऊन उन्हात वाळवलेल्या. कापसाचे सारख्या आकाराचे आठ बोळे, किंचित ओलसर. एकेका जागी तीस सेकंद हलकेच चोळायचे: कपाळ, कानाची बाहेरची बाजू (आत काडी घालायची नाही), हनुवटी, मान, उजवी कूस, पोट, शेपटीचं मूळ. आठवा बोळा नुसता ओला, कुठेही न लावलेला. डब्यांवर आकडे, आणि कुठला आकडा कुठला हे फक्त माझ्या वहीत. अर्धा तास झाकून ठेवायच्या आणि मग दुसऱ्याच्या नाकाला द्यायच्या. स्वतःचं नाक यात कामाचं नाही.

ताईनं नाक मुरडत मुरडत हुंगल्या. तिचे शब्द जसेच्या तसे: एक "काही नाही", दोन "काही नाही", तीन "शी!", चार "तोच वास", पाच "तोच, थोडा कमी", सहा "तोच, कमी", सात "हा वेगळाच आहे, तेलकट", आठ "नुसता कापूस आहे, मला फसवतोयस का?"

तीन म्हणजे हनुवटी.

मला वाटलं हनुवटीच्या मुरमांचं काहीतरी असेल, मांजरांना काळे ठिपके येतात तसं. टॉर्च लावून पाहिलं, त्वचा स्वच्छ. पण केस लाळेनं चिकटून त्यांच्या बारीक टोकदार बटा झाल्या होत्या, आणि त्या बटा फिकट तपकिरी होत्या. भुरीच्या हनुवटीचे केस पांढरे आहेत.

सात नंबरचा तेलकट वास वहीत लिहिला आणि सोडून दिला. यानं पुढे महिना खाल्ला.

दिवस १८

रात्री ती माझ्या तळहाताची मागची बाजू चाटत बसली. चाटू दिलं. मिनिटभर वाळू दिलं आणि हुंगलं. तोच वास. कुशीचा, मानेचा, पांघरुणाचा.

तर वास अंगाचा नव्हताच. तोंडाचा होता, आणि ती दिवसातून पन्नास वेळा तो स्वतःच्या अंगाला फासत होती. कपाळ आणि कान का कोरे, तेही जुळलं: तिथे जीभ पोचत नाही, तिथे ती पंजा ओला करून फिरवते. २०१८ मध्ये जॉर्जिया टेकच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी मांजराच्या जिभेवरचे काटे तपासले होते. त्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात, तोंडातली लाळ ओढून घेतात आणि केसांच्या दाट थरात आतवर सोडतात. म्हणजे लाळ वरवर लागत नाही, मुळापर्यंत जाते. मी आंघोळ घालत होतो आणि ती त्याच रात्री दुसरा हात देत होती.

दिवस १९

तोंड पाहायचा प्रयत्न. मागून धरून, ओठ फक्त वर करून, जबडा न उघडता. उजवीकडे दाढांवर पिवळट तपकिरी थर, हिरडीच्या कडेला लाल रेघ. डावीकडे खालच्या एका दाढेच्या बुडाशी हिरडी दातावर चढल्यासारखी, गुलाबी ठिपका. तिथे ओठ हलवताना नुसतं बोट लागलं आणि तिचा जबडा थडथड हलला, थंडी वाजल्यासारखा. आवाज नाही, चावा नाही. फक्त जबडा.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. कोरडं खाताना दाणे बाहेर पडायचे, मी म्हणायचो वेंधळी आहे. मान एका बाजूला कलती करून खायची, मी त्याचे व्हिडिओ काढले होते. गोंडस दिसतं म्हणून.

दिवस २१

दुसरा दवाखाना, दातांचा एक्स-रे करणारा. आधीच फोनवर विचारून घेतलं होतं, कारण ती सोय सगळीकडे नसते.

डॉक्टर बाईंनी आधी प्रश्नच विचारले, आणि बहुतेक वासाबद्दल. श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतो का? तो असेल आणि मांजर मलूल असेल तर मधुमेह बळावलेला असू शकतो, त्यात एक दिवसही थांबायचं नाही. लघवीसारखा, अमोनियाचा येतो का? पाणी जास्त पिते का? मग मूत्रपिंडं. अंगावर कुठे गाठ, सूज? बाहेर जाणाऱ्या मांजरांत चाव्याची जखम वरून मिटते आणि आत पू साठतो, फुटला की घरभर सडका वास. कानातून आंबूस, पावासारखा? मग यीस्ट.

मी डब्यांची वही दाखवली. त्या हसल्या नाहीत. तीन आणि सात या दोन आकड्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे दोन वेगळे वास आहेत. आधी तोंड बघू, मग शेपटीकडे या."

निदान: दातांची झीज. कीड नव्हे. मांजराचं शरीर स्वतःच्याच दाताचा टणक भाग विरघळवत नेतं. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही. मोठ्या मांजरांत हे फार आढळतं आणि बहुतेकदा खालच्या जबड्यातल्या तिसऱ्या उपदाढेपासून सुरू होतं. भुरीचा गुलाबी ठिपका नेमका तिथेच. सोबत हिरड्यांचा आजार, आणि कुजकट वास मुख्यतः त्या जंतूंच्या गंधकाच्या वायूंचा.

रक्त घेतलं, लघवी घेतली. मूत्रपिंडांचे आकडे ठीक, लघवीची घनता १.०४२, म्हणजे चांगली दाट. भूल द्यायला हरकत नाही.

दिवस २६

रात्री खाणं उचलून ठेवलं, पाणी सकाळपर्यंत राहू दिलं. तिनं पहाटे चारपासून रिकाम्या वाटीसमोर बसून माझ्याकडे पाहिलं.

भुलीखाली आधी सगळ्या दातांचे एक्स-रे. यावाचून दात काढायला जाणाऱ्याकडे मांजर नेऊ नका. दिसतो तो दाताचा शेंडा, भानगड मुळाशी असते. डाव्या दाढेचं मूळ हाडात विरघळून गेलं होतं, तिथे फक्त वरचा भाग कापून हिरडी शिवली. उजवीकडच्या तिसऱ्या उपदाढेचं आणि वरच्या एका दाताचं मूळ शाबूत होतं, ते मुळासकट काढले. उरलेल्यांवरचा थर खरवडला. एकूण १ तास ५० मिनिटं. मोठ्या मांजराला ३० दात असतात, भुरीकडे आता २७ आहेत.

खर्चाचं थोडक्यात: सगळ्या प्रकरणातला तीन चतुर्थांश खर्च या एका दिवसाचा. शाम्पू, डबा, टॉर्च, क्लीनर हे जवळजवळ सगळं वाया. टॉर्चनं नंतर ताईची हरवलेली टिकली सापडली, तेवढीच वसुली.

दिवस २७ ते ३५

संध्याकाळीच खाल्लं. मऊ, पातळ. वेदनेचं औषध डॉक्टरांनी दिलं तेवढंच, गालाच्या आत सोडायचं. तोंडाला पहिले तीन दिवस रक्ताचा, लोखंडी वास, तो अपेक्षित होता.

दिवस ३१ ला माझी चूक: कोरड्या खाण्याच्या डब्याशी बसून ओरडायला लागली म्हणून मूठभर दिलं. दोन दाण्यांत लाळेत लाल रेघ दिसली. फोन केला, बोलणी खाल्ली. दोन आठवडे मऊ म्हणजे दोन आठवडे मऊ.

दिवस ३५: तळहात चाटून घेतला, वाळू दिला. काही नाही. ताईकडून खात्री करून घेतली. मानेचा आणि कुशीचा वासही ओसरत गेला, एकही आंघोळ न घालता. चाटून चाटून तिनंच काढला.

दिवस ४०

तरीही ताई म्हणतेय वास येतो. मी म्हणालो, "मनाचे खेळ आहेत." तिनं भुरीला उलटी धरून शेपटीचं मूळ माझ्या नाकासमोर आणलं. ओशट, जुन्या तेलासारखा. सात नंबरची डबी.

केस बाजूला केले. खाली पिवळट कोंडा, मुळाशी मेणासारखं काहीतरी, आणि दोन ठिकाणी केसांच्या घट्ट गाठी. कात्री हातात घेतली होती, नशिबानं ठेवली. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठ ओढली की कातडी तिच्यासोबत वर येते आणि कात्रीत सापडते.

दिवस ४३

टाके तपासायला गेलो तेव्हा दाखवलं. गाठी मशीननं काढल्या, पाच मिनिटं. मग डॉक्टरांनी कमरेवरून हात फिरवला. एका जागी भुरीची पाठ लहरली आणि ती खाली बसली. एक्स-रेत कमरेच्या मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे.

संधिवात. शिवाय वजन. तिला मागे वळून तिथवर पोचताच येत नाही. जिथे जीभ जात नाही तिथे तेल साठतं. एका वासाचं कारण जीभ पोचणं, दुसऱ्याचं न पोचणं. आणि मी दोन्ही एकच धरून आंघोळी घालत होतो.

"खिडकीवर उडी मारते का?" असं विचारलं. वर्षभर मारत नाही. मी म्हणायचो, वय झालं.

दिवस ४४ ते ९०

इथे सांगण्यासारखं कमी, रोजचंच. बारीक दातांची फणी, दिवसातून पाच मिनिटं, कमरेपाशी हलक्या हातानं. संधिवाताचं औषध डॉक्टरांच्या मापानं. शीचा डबा पुन्हा बदलला, एका बाजूनं कमी उंचीचा, पाय उचलावा लागू नये म्हणून. खिडकीशी एक स्टूल.

वजन हळू उतरवायचं, आठवड्याला साधारण एक टक्का, म्हणजे भुरीचे ६० ग्रॅम. जाड्या मांजराला उपाशी ठेवलं तर यकृतात चरबी भरून जिवावर बेततं. मी पहिले तीन आठवडे स्वतः काट्यावर उभा राहून, मग तिला घेऊन, वजाबाकी करत होतो. तो काटा शंभर ग्रॅमच्या पटीतच दाखवतो. ६० ग्रॅम त्यात दिसणार कसे? तीन आठवड्यांचे आकडे निरुपयोगी. तान्ह्या बाळांचा काटा आणला तेव्हा कुठे चित्र दिसलं.

दात घासणं: बोटाला कापड गुंडाळून, मांजरांची पेस्ट लावून. माणसांची नाही, ती गिळून टाकते. रोज घासायचे असतात. माझे आठवड्यातून चार दिवस होतात.

दिवस ९७

वजन ५.७४ किलो. काल स्टुलावरून खिडकीत गेली. फणीला कोंडा नाही.

डब्यांची चाचणी पुन्हा केली. तेच आठ आकडे, जागा उलटसुलट करून. ताईनं ओळीनं हुंगल्या. एक काही नाही, दोन काही नाही, तीन नाही, चार नाही. पाच नंबरला थांबली, परत हुंगली, आणि म्हणाली, "हा येतोय. घामट. अजून काहीतरी आहे हिला."

वही उघडून दाखवली. पाच नंबरचा बोळा माझ्या मनगटावरून घेतला होता.